व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम नुकताच सुरू केलाय, पहिला एजंट (खेळायचं पात्र) कोणता निवडू?

ब्रिमस्टोन घ्या. तो खातं उघडताच मोफत मिळणाऱ्या पाच एजंटांपैकी आहे, आणि नेम अजून कच्चा असला तरी संघाच्या उपयोगी पडता येतं. त्याचं मुख्य काम धूर टाकून समोरच्यांची नजर अडवणं. त्यासाठी ई ही कळ दाबा, नकाशा उघडेल. डाव्या क्लिकने धुरासाठी तीनपर्यंत जागा निवडा, उजव्या क्लिकने पक्कं करा. धूर सगळीकडे एकदमच पडतो आणि साधारण १९ सेकंद टिकतो. असेंट या मैदानावर ए साइटवर (स्पाइक म्हणजे बॉम्ब लावायची एक जागा) चढताना एक धूर हेवन या जागेवर, एक ट्री या जागेवर टाका, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या दोन मुख्य नजरा बंद होतात. नवे खेळाडू हमखास चुकतात ते वेळेत: टीम अजून दूर असताना धूर टाकतात आणि आत शिरायच्या वेळी तो विरलेला असतो. सगळे दाराशी आले की मगच टाका. स्पाइक लावल्यावर ब्रिमस्टोनचा आगीचा गोळा राखून ठेवा. स्पाइक निकामी करायला पूर्ण ७ सेकंद लागतात, त्याचा आवाज येताच गोळा स्पाइकवर टाकलात तर समोरच्याला उठावंच लागतं.

एक अडचण मात्र खरी आहे. त्याचा धूर त्या राउंडमध्ये पुन्हा भरत नाही आणि ठरावीक अंतरापलीकडे पोहोचतही नाही, त्यामुळे संघापासून लांब फिरून येणाऱ्या खेळाडूला ब्रिमस्टोन जमत नाही. जेट ही दुसरी एजंट मोफत आहे म्हणून सुरुवातीलाच घेऊ नका. तिचं सगळं बळ अचूक नेमावर आणि वेळेवर मारलेल्या डॅशवर (झटक्यात घेतलेल्या झेपेवर) आहे.