तक्त्यावरची लाल फुली

धाराशिव जिल्ह्यातल्या एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. ते एसटीच्या आगारात मेकॅनिक आहेत. मुलगा यंदा अकरावी सायन्सला, लातूरला खोली करून राहतो, जेईईच्या क्लासला जातो. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरलं तेव्हा तो नववीत होता, आणि 'हा इस्रोत जाणार' हे घरात त्याच दिवशी ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये वडिलांनी भिंतीवर तक्ता लावला. डावीकडे इस्रोची वर्षभरातली उड्डाणं, उजवीकडे मुलाचे गुण. उड्डाण जमलं की हिरवी खूण, फसलं की लाल फुली. गुणांनाही तोच नियम, नव्वदच्या खाली लाल. नोव्हेंबरात मुलाला फिजिक्सच्या चाचणीत ३१ गुण पडले आणि त्याने ते ८१ करून दाखवले. इंग्रजी तीनला डावीकडून दोन कमानी जोडल्या की आठ होतो. पालकसभेत ते उघडं पडलं.

वडील विचारतात, 'असा खोटारडा मुलगा इस्रोत टिकेल का? अवकाशविज्ञानाच्या आयआयएसटी कॉलेजची तयारी चालू ठेवू की बंद करू? त्याची आई म्हणते पॉलिटेक्निकला टाकू. पण डिप्लोमा करून कुणी शास्त्रज्ञ झालंय का?'

नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते, पण जरा थांबा. आधी दुसऱ्या पानावर तुम्ही ओघात लिहून गेलात त्या चार ओळींबद्दल बोलायचं आहे. '१८ मेला पहाटे आम्ही दोघं उठून बसलो होतो. यान पडल्यावर मी त्याला म्हणालो, बघ, कुणाच्या तरी एका चुकीने देशाचं केवढं नुकसान झालं. असल्या माणसाला परत कुणी कशाला हात लावू देत नाही. तुझ्याकडून असं होता कामा नये.'

हे मी तीनदा वाचलं. मे महिन्यात ज्या मुलाने हे ऐकलं, त्याने नोव्हेंबरात ३१ चे ८१ केले, याचं मला नवल वाटलं नाही. चुकलेल्या माणसाला परत हात लावू देत नाहीत, हे त्याला तुम्हीच सांगितलं होतं. त्याने ते खरं मानलं. खोटेपणा त्याच्या स्वभावातच आहे की काय, असं तुम्ही विचारता. मला त्या आकड्यात भेदरलेलं पोर दिसतं. सोळा वर्षांच्या मुलाला वडिलांपेक्षा भिंतीवरच्या तक्त्याची भीती वाटायला लागली, तर तो तक्ता आजच्या आज उतरवायला हवा.

पण उतरवण्याआधी एकदा तो नीट वाचा. वर्षभरात श्रीहरिकोट्याहून उपग्रह घेऊन पाचच उड्डाणं झाली, म्हणजे तुमच्या तक्त्यात पाचच ओळी. पहिली २९ जानेवारीची, जीएसएलव्ही-एफ १५, श्रीहरिकोट्याहून शंभरावं उड्डाण. त्या दिवशी तुम्ही हिरवी खूण केलीत आणि आगारात पेढे वाटलेत. रॉकेटने आपलं काम चोख केलंच होतं. पण एनव्हीएस-०२ हा उपग्रह वर पोचल्यावर त्याचं इंजिन पेटवायला लागणारा ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळणारं द्रव्य, आत सोडणारे व्हॉल्व्ह उघडले नाहीत, आणि त्याला ठरलेल्या कक्षेत नेता आलं नाही. मग या ओळीत हिरवी खूण ठेवायची की लाल?

दुसरी ओळ १८ मेची, पीएसएलव्ही-सी ६१. पहिले दोन टप्पे नीट झाले, तिसऱ्या टप्प्यात घन इंधनाच्या मोटरमधला दाब पडला आणि ईओएस-०९ हा उपग्रह हातचा गेला. इथे तुमची लाल फुली. ते पीएसएलव्हीचं ६३ वं उड्डाण होतं. याच रॉकेटचं १९९३ मधलं पहिलंच उड्डाण फसलं होतं. २०१७ मध्ये उपग्रहावरचं उष्णतारोधक आवरण उघडलंच नाही आणि उपग्रह आतच अडकला. तुमचा नियम लावला असता तर पीएसएलव्हीला १९९३ नंतर कुणी हात लावू दिला नसता, आणि चांद्रयान-१ व मंगळयान कशावर बसून गेलं असतं?

तिसरी ओळ ३० जुलैची, निसार उपग्रहाची. हिरवी. ज्या जीएसएलव्हीवरून तो गेला तिची मागची गोष्ट मुलाला सांगितलीत का? ऑगस्ट २०२१ मध्ये याच जातीचं एफ १० फसलं होतं. सगळ्यात वरचा क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनाचा, टप्पा पेटलाच नाही. तपासात निघालं ते असं: द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये गळती होती, त्यामुळे टाकीतला दाब वेळेवर हवा तेवढा राहिला नाही. दोष सापडला, दुरुस्ती झाली, आणि मे २०२३ मध्ये जीएसएलव्ही पुन्हा उडाली. ऑगस्ट २०२२ च्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचंही तसंच. दुसरा टप्पा वेगळा होताना क्षणभर कंपनं वाढली. सेन्सर बिघडलेत असा समज यानावरच्या संगणकाने करून घेतला, आणि उपग्रह चुकीच्या कक्षेत गेले. सहा महिन्यांत, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सुधारलेलं रॉकेट यशस्वी झालं.

या दोन्ही अपयशांचे निष्कर्ष इस्रोने लोकांसमोर ठेवले आहेत. मुलाबरोबर बसून ते वाचा. त्यात व्हॉल्व्ह आहे, दाब आहे, कंपनं आहेत, सेकंदांचा हिशेब आहे. कुणा माणसाचं नाव नाही. 'कोण चुकलं' या प्रश्नाने रॉकेट दुरुस्त होत नाही, 'काय झालं' हे कळलं तरच होतं. आणि काय झालं हे कळायचं तर प्रत्येक माणसाने आपल्या हाताखालून गेलेलं काम जसं झालं तसं सांगायला हवं.

हे तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही आगारात काम करता. हाताखालच्या पोराने रात्री ब्रेकचं काम करताना एक नट नीट आवळला नाही, आणि पहाटे पहिली गाडी सुटायच्या आधी तो येऊन म्हणाला, 'मामा, ती गाडी सोडू नका, माझं काम राहिलंय.' तुम्ही त्याच्यावर ओरडाल, पण गाडी थांबवाल, आणि मनातून त्याच्यावर विश्वास बसेल. तोच पोरगा तुमच्या ओरडण्याला घाबरून गप्प राहिला तर पन्नास माणसं घाटात त्याच गाडीत असतील. आगारात जे तुम्हाला पटतं, ते घरी का लागू होत नाही?

१५ जुलै २०१९ ची रात्र आठवा. चांद्रयान-२ उडणार म्हणून राष्ट्रपती स्वतः श्रीहरिकोट्याला आले होते, देश जागा होता. उलटी मोजणी ५६ मिनिटं २४ सेकंदांवर थांबवली. दोष दिसला म्हणून थांबवली. दोष काढला आणि २२ जुलैला यान गेलं. राष्ट्रपती समोर बसलेले असताना 'थांबा' म्हणायचं, याला जे धैर्य लागतं ते कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. ते घरी येतं, नाहीतर घरीच मरतं. मुलाने ३१ चा पेपर तुमच्यापुढे ठेवून 'पप्पा, मला हे येत नाही' म्हणणं हे त्याच जातीचं धैर्य आहे, आणि त्या वाक्याला तुमच्या घरात आज जागा नाही. रागावू नका, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची.

आता डिप्लोमाचं. हा गैरसमज मला घरोघरी भेटतो आणि तो काढायलाच हवा. तुमच्या तक्त्यातली पाचही उड्डाणं ज्यांच्या काळात झाली, ते इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. एएमआयई ही इंजिनिअरिंगच्या पदवीच्या तोडीची परीक्षाही त्यांनी दिली. १९८४ मध्ये ते इस्रोत लागले, आणि क्रायोजेनिक इंजिनिअरिंगमधलं एमटेक आणि एरोस्पेसमधली पीएचडी आयआयटी खरगपूरला त्यानंतर झाली. त्यांच्या आधीचे अध्यक्ष एस. सोमनाथ कोल्लमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आले. आयआयटीची पहिली पदवी दोघांकडेही नाही. शिवाय इस्रो म्हणजे फक्त शास्त्रज्ञ, हेही खरं नाही. दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना तिथे टेक्निशियन म्हणून घेतात, पहिल्या वर्गातल्या डिप्लोमावाल्यांना टेक्निकल असिस्टंट म्हणून. आणि रॉकेट सगळं इस्रोच्या आवारातच बनतं असंही नाही. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या वालचंदनगरला, इंदापूर तालुक्यात, रॉकेट मोटरची आवरणं बनतात. विक्रोळीला गोदरेजमध्ये रॉकेटची 'विकास' नावाची इंजिनं बनतात. तिथले वेल्डर, फिटर, मशीनवर उभे राहणारे कारागीर जी जोडणी करतात, तिच्यावर सगळं उड्डाण उभं असतं. तुम्ही स्वतः हाताने काम करणारे आहात. 'डिप्लोमा करून कोण मोठं झालंय' हे तुमच्या तोंडून वाचताना मला वाईट वाटलं, कारण त्यात तुम्ही स्वतःलाही कमी लेखलंय.

याचा अर्थ त्याला उद्याच पॉलिटेक्निकला टाका असा नाही. चाचणीत गुण कमी पडले म्हणून शिक्षा केल्यासारखं कुठे पाठवलंत, तर तो तिथेही मन लावणार नाही. त्याच्या आईचं म्हणणं वेगळ्या कारणाने आलं असावं असं मला वाटतं. मुलाच्या जिवावर बेतेल या भीतीने ती बोलतेय. तिला विचारा, ऐकून घ्या.

परीक्षांचे रस्ते थोडक्यात: तिरुअनंतपुरमच्या आयआयएसटीत बीटेकला प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणांवर मिळतो, पण तिथे शिरलं की इस्रोत नोकरी पक्की असं समजू नका, जागा आणि ठरवलेले गुण दोन्ही लागतात. नाहीतर कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरमध्ये बीई करून इस्रोच्या भरतीला बसता येतं. बारावीपर्यंत यातलं काहीच हातचं जात नाही.

फिजिक्सच्या ३१ गुणांकडे मात्र लक्ष द्या. रविवारी लातूरला जा. डबा घेऊन जा, तक्ता नेऊ नका. तो पेपर मागा आणि कुठले प्रश्न सोडले, कुठले चुकले ते त्याच्याकडूनच समजून घ्या. बहुतेक मुलांचं अकरावीत यांत्रिकीच्या सुरुवातीच्या धड्यांत, सदिशांत आणि बलांच्या आकृत्यांत घोडं अडतं. तिथे त्याचा पाया कच्चा असेल तर क्लास बदलून काही होणार नाही, महिनाभर मागे जाऊन तेच पक्कं करावं लागेल. आणि त्याच्याशी बोलताना आधी तुमची चूक सांगा. '१८ मेला मी जे बोललो ते चुकीचं होतं', एवढं म्हणा. बाप असं म्हणू शकतो हे त्याने एकदा पाहायला हवं.

'इस्रोत टिकेल का' याचं उत्तर मी देणार नाही, कारण चार पानांत तुम्ही त्याला काय हवंय हे कुठेच लिहिलेलं नाही. त्याच्या तोंडचं फक्त एक वाक्य पत्रात आहे, तेही तक्रारीच्या सुरात. यान पडल्यावर तुम्ही हळहळत होतात आणि तो विचारत होता, 'पप्पा, तिसऱ्या टप्प्यात दाब कमी झाला हे खाली बसलेल्यांना कळतं कसं?' तुम्ही लिहिता, 'देशाचं नुकसान झालेलं असताना याला असले प्रश्न सुचतात.'

अहो, तुमच्या सगळ्या पत्रातलं ते सोन्यासारखं वाक्य आहे. मोटरवर दाब मोजणारे सेन्सर बसवलेले असतात. त्यांचे आकडे रेडिओ लहरींवरून सतत जमिनीवरच्या केंद्रांकडे येत राहतात. दाब किती असायला हवा हे आधीच गणिताने काढलेलं असतं, आणि आलेले आकडे त्याच्याशी ताडून बघतात. प्रक्षेपण दाखवताना पडद्यावर आखलेली रेघ आणि तिच्यावरून सरकणारं चिन्ह असतं ना, त्या रेघेच्या मागे असे असंख्य आकडे असतात. तुमच्या तक्त्यातली शेवटची ओळ बघा: २४ डिसेंबरला एलव्हीएम-३ हे रॉकेट दीड मिनिट उशिरा सुटलं तेही आकड्यांवरूनच. वर कशाच्या तरी फार जवळून जावं लागेल असं गणितात दिसलं आणि वेळ सरकवली.

रविवारी त्याला हे सांगा. तिथून पुढचं त्याला विचारू द्या, आणि जे तुम्हाला येत नसेल तिथे 'मला माहीत नाही, बघू या' म्हणा. श्रीहरिकोट्याला उड्डाण बघायला गॅलरी आहे, नाव आधी ऑनलाइन नोंदवावं लागतं, पैसे पडत नाहीत. सुळ्ळूरपेट स्टेशनवर उतरायचं. उड्डाणाची तारीख पुढेमागे होते, म्हणून रजा दोन दिवस जास्तीची टाका. त्याला गुणांची अट घालू नका.