लडाखच्या थंडीत सोलर

प्रश्न: लडाखमधे हानलेजवळ मित्राचं होमस्टे आहे, तिथे ऑफग्रिड (सरकारी विजेच्या जोडणीशिवाय चालणारं) सोलर लावायचंय, लिथियम बॅटरी टिकेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर: टिकेल, पण शून्य अंशाखाली थंड झालेली एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियमचाच एक प्रकार) बॅटरी चार्ज केली की सेल कायमचे खराब होतात, त्यामुळे बॅटरी घराच्या आत थर्माकोलच्या पेटीत ठेवा आणि बीएमएसला (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटला) लो टेंपरेचर कटऑफ, म्हणजे फार थंडीत चार्जिंग बंद करायची सोय, आहे ना ते बघूनच घ्या. दुसरं म्हणजे थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं, उणे २५ अंशाला लेबलवरच्यापेक्षा साधारण १५ टक्के जास्त, हे धरलं नाही तर भर हिवाळ्यात चार्ज कंट्रोलर (पॅनलकडून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा) जळतो, म्हणून सिरीजमधे (एकामागे एक, ज्यात व्होल्टेजची बेरीज होते) पॅनल कमीच जोडा. पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार ५० अंशाच्या आसपास, म्हणजे बर्फही घसरतो. आणि स्ट्रक्चर पक्कं हवं, वारा भयंकर असतो तिकडे.