केकचा फोटो: आधी बल्ब बंद करा

ताई, तुम्ही पाठवलेल्या केकच्या फोटोत आयसिंग पिवळट आलंय ते बल्बमुळे. दिवसा खिडकीच्या उजेडातच काढा. खिडकी केकच्या बाजूला हवी. तिच्या समोर, केकच्या पलीकडच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, म्हणजे सावली मऊ होते आणि आयसिंगच्या गुलाबाची पाकळीन् पाकळी सुटी दिसते. पांढऱ्या आयसिंगला फोन करडं करतो, म्हणून फोनच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या आयसिंगवर बोट टेकवून उजेड किंचित वाढवा. फोन केकच्या अगदी जवळ नेऊ नका, आकार बिघडतो. ३ फूट मागून २ पट झूम करा.

आपल्या बडोद्याच्या पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या फॉन्डंटवर (केकवर लाटून चढवलेल्या साखरेच्या थरावर) लगेच दव धरतं. डबा न उघडता गारवा जाईपर्यंत बाहेर ठेवा. थेंब आलेच तर पुसू नका, रंग ओघळतो. पंख्याखाली सुकू द्या. व्हिप्ड क्रीम मात्र एवढं थांबत नाही, म्हणून रिकाम्या ताटलीवर फोटोची चौकट आधीच जमवून ठेवा.