मारणाऱ्यासाठी नेमके काय मागायचे?

आपण विचारले आहे की, आपली ख्रिस्ती शेजारीण ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात रोज संध्याकाळी युद्ध थांबावे म्हणून प्रार्थना करते आणि तीत मरणाऱ्यांबरोबर मारणाऱ्यांचेही नाव घेते. हे प्रेम म्हणजे अन्यायाकडे केलेली डोळेझाक नव्हे काय, आणि अशा प्रार्थनेने आजवर एक तरी तोफ थांबली आहे काय? मी वसईच्या किनाऱ्यावरील एका कॅथलिक कोळी घरातला आहे. दोन वर्षांपूर्वी किंवा दोनशे वर्षांपूर्वी कोणी काय लिहिले यापेक्षा, हाच प्रश्न आमच्या घरात शिरला तेव्हा काय झाले, ते सांगून उत्तर देतो.

2024 साली राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, 14 फेब्रुवारीला आला होता. गतवर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेल्या झावळ्या चर्चमध्ये परत देऊन, त्यांचीच राख कपाळी लावून घेऊन आम्ही चाळीस दिवसांच्या उपवासाला लागलो होतो. माझा भाचा त्या वेळी एका मालवाहू जहाजावर होता आणि त्याचा मार्ग तांबड्या समुद्रातून जाणारा होता, जेथे येमेनमधील हूथी बंडखोरांचे जहाजांवरील हल्ले आदल्या नोव्हेंबरपासून चालू होते. 6 मार्चला एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर क्षेपणास्त्र पडले, तीन खलाशी मेले आणि बाकीच्यांना आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवले, वाचलेल्यांत एक भारतीय होता. त्या रात्री रोजरीची, म्हणजे मरियेच्या प्रार्थनांची, माळ संपल्यावर मी सवयीने शत्रूंसाठी प्रार्थना सुरू केली, तेव्हा माझी बहीण उठून पडवीत जाऊन बसली. “त्यांच्यासाठी मी एक शब्द मागणार नाही,” एवढेच ती म्हणाली. तिला परत बोलावण्याचे धैर्य मला झाले नाही आणि ते झाले नाही हे बरे झाले, असे आज वाटते.

कारण शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा ज्याला घाव बसला आहे त्याने स्वतः ऐकायची असते. शेजाऱ्याने ती त्याच्या डोक्यावर लादायची नसते. 2022 साली उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), 15 एप्रिलच्या रात्री, रोमच्या कोलोसियममध्ये पोप फ्रान्सिस यांच्या उपस्थितीत क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणयात्रेची चौदा स्थानांची प्रार्थना, झाली, तेव्हा तेराव्या स्थानी एक युक्रेनी आणि एक रशियन स्त्री, ज्या एकमेकींच्या मैत्रिणी होत्या, दोघींनी मिळून क्रूस धरला. या योजनेला युक्रेनच्या ग्रीक-कॅथलिक चर्चचे प्रमुख महागुरुस्वामी स्वियातोस्लाव शेवचुक यांनी आधीच हरकत घेतली होती: रशियाचे आक्रमण चालू असताना आक्रमक आणि आक्रांत यांना असे एका ओळीत उभे करणे अवेळी आहे. शेवटी त्या स्थानासाठी लिहिलेले चिंतन वगळण्यात आले आणि लोकांना मौन राहून प्रार्थना करण्यास सांगण्यात आले. माझ्या मते दोन्ही गोष्टी योग्य होत्या, त्या दोघींनी क्रूस धरणेही आणि ते शब्द मागे घेणेही. ज्यांची घरे जळत होती त्यांच्या वतीने क्षमेचे वाक्य उच्चारण्याचा अधिकार रोममध्ये कोणालाच नव्हता.

आता आपल्या पहिल्या आक्षेपाकडे येतो. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात बुधवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधील उपासनेत, बायबलमधील योना संदेष्ट्याच्या पुस्तकातील तिसरा अध्याय वाचला जातो आणि त्याच आठवड्याच्या शनिवारी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील, वैऱ्यांवर प्रीती करण्याची आज्ञा. या दोहोंची सांगड घातल्याशिवाय आपल्या शेजारणीची प्रार्थना कळणार नाही. निनवे ही अश्शूरांची नगरी, इस्राएलच्या वैऱ्यांची. तिला सावध करण्यासाठी देवाने योनाला पाठवले, तर तो याफोच्या बंदरातून जहाजात बसून उलट दिशेला पळाला. वादळ, मोठा मासा, हा भाग आमच्या किनाऱ्यावर पोराबाळांनाही ठाऊक असतो; पण तो का पळाला हे शेवटच्या अध्यायात येते. देव दयाळू आहे, तो निनवेला सोडून देईल, हेच त्याला नको होते. निनवेचे लोक उपास करतात, गोणपाट नेसतात, आपल्या हातच्या जुलमापासून फिरतात आणि वाचतात. योना मात्र रागावून नगराबाहेर बसून राहतो. माझी बहीण पडवीत बसली, तेव्हा मला तोच आठवला, आणि तिच्यापेक्षा त्याची अधिक कीव आली, कारण तिचा मुलगा समुद्रावर होता.

म्हणजे मारणाऱ्यासाठी प्रार्थना करणे याचा अर्थ तो फिरावा, त्याचा हात थांबावा, असे मागणे होय. ज्याचा अपराधच नाही त्याच्या पश्चात्तापासाठी कोणी प्रार्थना करीत नाही. त्यामुळे या प्रार्थनेत अन्यायाला अन्याय म्हणणे आधीच आले. आक्रमणाविरुद्ध स्वतःचा बचाव करण्याचा हक्कही कॅथलिक शिकवण नाकारत नाही. ती एवढेच नाकारते की, शत्रूच्या नाशात मी आनंद मानावा.

तोफ थांबते काय, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, 2 मार्च 2022 रोजी, राखेच्या बुधवारी, पोप फ्रान्सिस यांच्या हाकेवरून जगभरच्या कॅथलिकांनी युक्रेनमधील शांतीसाठी उपास केला आणि युद्ध थांबले नाही. उलट चारच दिवसांनी, ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये महाउपवासापूर्वी जो क्षमेचा रविवार पाळतात त्याच दिवशी, रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरिल यांनी प्रवचनात त्या युद्धाला धार्मिक अर्थ देऊन त्याचे समर्थन केले. मला हे फार दुःखाचे वाटते, कारण त्या उपवासात रशिया आणि युक्रेन या दोन्हीकडचे ऑर्थोडॉक्स लोक जमिनीपर्यंत वाकून जी प्रार्थना म्हणतात, चौथ्या शतकातील संत एफ्रेम यांची मानली जाणारी, तिच्या शेवटी मागणे असते की, मला माझे दोष दिसू देत आणि मी माझ्या भावाचा न्याय करू नये. स्वतःकडे न वळलेली प्रार्थना शस्त्र होऊ शकते.

म्हणूनच उपवासकाळात प्रार्थनेबरोबर उपास आणि दानधर्म जोडलेले आहेत. नियम मांसाहार वर्ज्य करण्याचा आहे, मासळीचा नाही, पण माझी आई म्हणायची, “कोळ्याने मटण सोडलं तर सोडलं काय?” ती चाळीस दिवस मासळी सोडायची आणि घरात वेगळ्या काढलेल्या मासळीचे जे पैसे येत ते डब्यात टाकून उत्तम शुक्रवारी गरजू घरी पोहोचवायची. भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे हाच खरा उपास, असे यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात आहे. ते तिने कधी वाचले होते की नाही, मी विचारले नाही.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी बहीण पुन्हा माळेला बसली. शेवटी तिने स्वतःहून एक ‘नमो मरिया’ जास्त म्हटली आणि पुढे म्हणाली, “ज्या पोराने ते सोडलं, त्याचा हात पुढच्या वेळी धर.” त्या वेळी भाच्याचे जहाज मार्ग बदलून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालत होते आणि त्याचा फोन येऊन चार दिवस झाले होते.