हेवी लायसन्स काढतोयस ना? मग एवढं ऐक

भावा, ट्रकसारख्या जड गाडीचं म्हणजे हेवी लायसन्स काढायचा निर्णय चांगला घेतलास. आधी कागद बघ: वय 20 पूर्ण हवं आणि कारचं पक्कं लायसन्स मिळून एक वर्ष झालेलं हवं. त्याशिवाय हेवीचं लर्निंग मिळत नाही. डॉक्टरांचा फॉर्म 1-ए, म्हणजे तब्येतीचा दाखला लागतो. फॉर्म 5, म्हणजे गाडी शिकल्याचा दाखला ड्रायव्हिंग स्कूल देतं, पण नुसत्या कागदासाठी पैसे भरू नकोस. माझ्या स्कूलने चार फेऱ्यांत उरकलं, पुढे वर्षभर क्लीनर राहून शिकलो.

सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळ:

- एअरचा काटा, म्हणजे ब्रेकच्या हवेचं प्रेशर दाखवणारा. प्रेशर भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही.
- डावा आरसा. वळताना मागचं चाक आत कापतं, तिथेच दुचाकीवाला असतो. नवखे पुढचंच बघतात.
- घाट. कसाऱ्यात ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल कधीच करू नकोस. नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास येतो आणि पायाखाली ब्रेक उरत नाही.

रिव्हर्सची घाई नको. शंका आली तर उतरून बघ, त्यात कमीपणा नाही. बस चालवायला लागणारा बॅज, ट्रेलर हे नंतर बोलू. लर्निंग हातात आलं की कळव.