डावात शिरण्याआधी

प्रिय मुली,

तुझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा कुणात मिसळत नाही, त्याला कसं समजावू, असं तू विचारलंस. त्याला इतक्यात समजावायला बसू नकोस. मुलाला डावात घेतात ती मुलं आणि बाहेर ठेवतात तीही मुलंच. तेव्हा आधी डाव बघ.

पाच-सहा दिवस मधल्या सुट्टीत रोज 10 मिनिटं व्हरांड्यातल्या एकाच जागी उभी राहा. दिसेल तेवढंच वहीत लिही: तो कुठे उभा होता, कुणाजवळ गेला, काय म्हणाला, पुढे काय झालं. ‘लाजाळू’, ‘भांडखोर’ हे शब्द वहीत नकोत. ते एकदा लिहिले की पुढचं सगळं आपल्याला तसंच दिसायला लागतं. चिंचोके मांडत रमलेलं मूल आणि लगोरीच्या खेळाभोवती घिरट्या घालणारं मूल, लांबून दोघंही एकटीच दिसतात. पहिल्याला बहुधा तुझी गरज नाही. दुसऱ्याला आहे.

मग कोण कुणाला निवडतं याची यादी कर. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी 1930च्या दशकात रुळवलेली ही पद्धत वर्गात आजही उपयोगी पडते. एकेका मुलाला बाजूला बोलावून विचार, ‘तुला कुणाकुणाबरोबर खेळायला आवडतं? तीन नावं सांग.’ चिठ्ठ्या लिहून घेऊ नकोस, शेजारचा डोकावतोच. आणि ‘कोण आवडत नाही’ हे तर मुळीच विचारू नकोस. संशोधनात तो प्रश्न विचारतात, पण तुझ्या वर्गात तो खिचडीच्या पंगतीपर्यंत सगळ्यांना कळलेला असेल. मुलामागे दीड मिनिट धरलं तर 30 मुलांना 45 मिनिटं लागतील, दोन दिवसांत सहज होईल. तक्त्यात आडव्या ओळीत निवडणारा, उभ्या रकान्यात निवडलेला. दोघांनी एकमेकांची नावं घेतली असतील तिथे गोल कर. बेरजेपेक्षा हे गोल महत्त्वाचे. मूल वर्गाचं लाडकं असायलाच हवं असं नाही. एक खरा दोस्त असला की छळणाऱ्यांचं फारसं चालत नाही, आणि झालेला त्रासही मनाला कमी लागतो. तिसरीत मुलगे मुलग्यांची आणि मुली मुलींची नावं घेतात, ते या वयाचंच आहे.

रकाना रिकामा असलेली मुलं दोन तऱ्हेची असतात. काहींकडे कुणाचं लक्षच गेलेलं नसतं. जागा बदलली, नवा शेजारी मिळाला की ती बरेचदा आपसूक सामावतात. काहींना मात्र वर्गाने नाकारलेलं असतं, आणि ते सहज पुसलं जात नाही, कारण अशा मुलाचा साधा धक्काही ‘मुद्दाम मारला’ असा धरला जातो. तू विचारलेला मुलगा यांपैकी कोणता, हे तुझी वही सांगेल.

नाकारलेलं मूल बरेचदा चुकतं ते डावात शिरताना. धावत येऊन मध्येच चेंडू धरतं, ‘असं नसतं खेळायचं’ म्हणून नियम सांगतं, नाहीतर ‘माझ्याकडे याच्यापेक्षा मोठा चेंडू आहे’ असं स्वतःचंच सुरू करतं. ज्याला सगळे घेतात ते मूल आधी काठाला उभं राहून डाव समजून घेतं. लांब गेलेला चेंडू आणून देतं, पांगलेल्या ठिकऱ्या गोळा करतं, आणि मग विचारतं. हे शिकवता येतं. दोन समंजस मुलांना घेऊन वर्ग सुटल्यावर सराव कर, सगळ्यांसमोर नको. त्याला एवढंच सांग: बघ, डावाच्या उपयोगी पड, डाव संपून नवे गडी पडत असताना विचार. चालू डावात विचारलं की ‘नाही’च येतं. हेही सांग की पहिला नकार लाडक्या मुलांनाही मिळतो, पण ती पुढच्या डावाला परत येतात.

एवढं शिकवूनही डावाची रीत बदलली नाही तर उपयोग नाही. दोन कप्तानांनी एकेक गडी उचलायची पद्धत बंद कर, त्यात शेवटी उरलेलं मूल रोज तेच असतं. त्यापेक्षा साधारण बरोबरीच्या दोघांनी बाजूला जाऊन गुपचूप नावं घ्यावीत, एक आंबा, एक पेरू, आणि कप्तानाने ‘आंबा’ म्हणावं. म्हणजे मूल मागितलं जात नाही आणि नाकारलंही जात नाही. कच्चं लिंबू धाकट्या भावंडासाठी छान आहे, त्याला आउट न करता खेळू देतात. पण बरोबरीच्या मुलाला कच्चं लिंबू केलं तर तो अपमान असतो. तिथे तू मध्ये पड.

वर्गात मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांची ‘जिगसॉ’ पद्धत वापर. 1971 साली अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे वर्ग नुकतेच एकत्र आले होते, तिथे ती घडली. 30 मुलांचे पाच-पाचांचे सहा गट कर, धड्याचे पाच भाग कर, गटातल्या प्रत्येकाला एक भाग दे. एकच भाग आलेल्यांनी आधी 10 मिनिटं एकत्र बसून तयारी करायची, मग आपापल्या गटात जाऊन तो शिकवायचा. ही तयारी वगळलीस तर वाचायला अडखळणारं मूल गटापुढे उघडं पडेल, आणि गट त्याच्यावर चिडेल. दोस्तांचे गट करू नकोस.

छळ दिसला तर फक्त त्या दोघांना बोलावू नकोस, बघणारे मोजून बघ. टोरोंटोच्या शाळांच्या मैदानांवरचं निरीक्षण 2001 साली प्रसिद्ध झालं. कुणी मूल मध्ये पडलं तर निम्म्याहून अधिक वेळा छळ 10 सेकंदांच्या आत थांबला होता. तेव्हा बघणाऱ्यांना ठरीव वाक्य दे, ‘ए, सोड त्याला, चल खेळायला,’ आणि हाताला धरून घेऊन जायचं. मारणाऱ्याशी वाद घालायचा नाही.

तुझ्या गावातली काही मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातील आणि उन्हाळ्यात परत येतील. तोवर बाकांवरच्या जोड्या जमलेल्या असतात, नवे खेळही आलेले असतात. त्यांना मागच्या रिकाम्या बाकावर बसवू नकोस. जाण्याआधीच्या यादीतला त्यांचा गोल शोध आणि त्याच मुलाशेजारी जागा दे. नवे नियम शिकवायचं कामही त्या दोस्तालाच सांग.

पहिली यादी झाल्यावर सहा आठवड्यांनी दुसरी कर आणि फक्त गोल ताडून बघ. तू विचारलेल्या मुलाच्या नावावर एकही गोल आला नसेल तर वही घेऊन पुन्हा व्हरांड्यात जा. तक्ता मात्र कुलपात ठेव, पालकसभेत त्यातलं एकही नाव निघता कामा नये.