बेपत्ता झालेल्या जुन्या वैमानिकांचा शोध हौशी माणसाला घरबसल्या घेता येतो का? सुरुवात कुठून करावी?

येतो. तुमचा खरा प्रश्न असा आहे की बोट नाही, सोनार (आवाजाच्या लहरींनी समुद्रतळ धुंडाळणारं यंत्र) नाही, पैसा नाही, मग १९२०-३० च्या दशकांत लांब पल्ल्याच्या उड्डाणांवर निघून नाहीशा झालेल्या लोकांबद्दल आपण नवं काय शोधणार? विमान तर नाहीच, हे आधी सांगून टाकतो. विमानं सापडतात ती बहुधा भलत्याच माणसाला. एप्रिल १९३३ मध्ये सहारात कोसळलेला बिल लँकेस्टर सापडला १९६२ मध्ये, फ्रेंच लष्कराच्या गस्ती तुकडीला. आठ दिवस तो विमानाजवळ जिवंत होता आणि डायरी लिहीत होता. १९४४ मध्ये बेपत्ता झालेल्या सेंत-एक्झुपेरी या फ्रेंच लेखक-वैमानिकाचं नाव कोरलेलं कडं १९९८ मध्ये मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात आलं. दोन्हीकडे विमान शोधायला कोणीच निघालेलं नव्हतं.

आपल्यासारख्यांच्या हातून होण्यासारखं काम दुसरंच आहे: कोणी दावा केला की तो तपासायचा. दाव्यांना इथे कधीच तोटा नसतो.

२०१७ चं उदाहरण घ्या. मार्शल बेटांतल्या जालूइटच्या धक्क्यावरचा एक जुना फोटो एका अमेरिकी वाहिनीने दाखवला. यात दिसताहेत ती अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्ट आणि तिचा नॅव्हिगेटर (दिशादर्शक) फ्रेड नूनन, म्हणजे १९३७ मध्ये ते जपान्यांच्या हाती लागले होते, असा दावा. चेहरेपट्टीचे तज्ज्ञ वगैरे सगळा सरंजाम होता. लष्करी इतिहासाची आवड असलेल्या एका जपानी ब्लॉगरने जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात जालूइटचं नाव जपानीत टाकून शोध घेतला. अर्ध्या तासात तोच फोटो एका प्रवासवर्णनात निघाला. पुस्तक छापलेलं ऑक्टोबर १९३५ मध्ये, म्हणजे इअरहार्ट नाहीशी होण्याच्या पावणेदोन वर्षं आधी. फोटोत कोण आहे यावर सगळे भांडत होते. हा फोटो पहिल्यांदा कुठे छापला गेला, हे त्याने विचारलं. मला या छंदात याहून सुंदर काम माहीत नाही.

तेव्हा कुठलंही प्रकरण हाती घ्या, पण रहस्याच्या अंगाने शिरू नका. आधी घड्याळ आणि इंधन. ८ मे १९२७ ला पहाटे ५ वाजून १७ मिनिटांनी शार्ल नंजेसेर आणि फ्रांस्वा कोली हे फ्रेंच वैमानिक पॅरिसच्या ल बूर्झेहून न्यूयॉर्ककडे निघाले. इंधन साधारण ४,००० लिटर, हवेत राहण्याची मर्यादा सुमारे ४२ तास. म्हणजे ९ मेच्या रात्री, पॅरिसच्या घड्याळाने अकरा-साडेअकरानंतर ते विमान हवेत असणं शक्यच नाही. त्यानंतर कोणी ‘पाहिलं’ असेल तर ते दुसरं काहीतरी होतं. ९ तारखेच्या सकाळी न्यूफाउंडलंडमधल्या लोकांनी पांढरं विमान पाहिल्याचं सांगितलं, ते मात्र या हिशेबात बसतं. एवढ्यावरून ते खरं ठरत नाही, पण टोपलीतही टाकता येत नाही. आणखी एक चाळणी अशी की त्यांच्या विमानात रेडिओच नव्हता. कोणी त्यांचा ‘शेवटचा संदेश’ सांगू लागला की तो लेख तिथेच बंद करावा.

वर्तमानपत्रांवर किती विसंबायचं हेही याच प्रकरणातून कळतं. पॅरिसच्या ‘ला प्रेस’ने हे दोघं न्यूयॉर्कला पोचल्याची बातमी छापली होती, तीही चांगली रंगवून. प्रत्यक्षात उड्डाणानंतर वजन कमी करण्यासाठी त्यांनी सोडून दिलेली चाकं, एवढाच त्या विमानाचा खात्रीचा अवशेष आज आहे. तो ल बूर्झेच्याच संग्रहालयात आहे.

घड्याळाचं काम दिसतं तितकं सरळ नसतं. बहुतेक हौशी लोक (आणि काही बिनहौशीही) इथेच घसरतात. इअरहार्ट २ जुलै १९३७ ला न्यू गिनीतल्या लेहून स्थानिक वेळेनुसार सकाळी दहाला निघाली, तेव्हा ग्रीनिचला मध्यरात्रीचे बारा वाजले होते. तिला उतरायचं होतं ते प्रशांत महासागरातलं हाउलंड बेट सुमारे ४,१०० किलोमीटर दूर. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागत असल्याने रात्रभर उडूनही ती दुसऱ्या टोकाला २ जुलैलाच पोचणार होती. तिथे थांबलेलं ‘इटास्का’ हे तटरक्षक जहाज ग्रीनिचच्या साडेअकरा तास मागचं घड्याळ वापरत होतं. त्यामुळे जहाजाच्या नोंदीतला ७:४२ चा संदेश, ज्यात ती म्हणते की आम्ही तुमच्या जवळच असायला हवं पण तुम्ही दिसत नाही, तो ग्रीनिच वेळेने १९:१२ चा. शेवटचा ८:४३ चा, म्हणजे २०:१३ चा. ती हवेत वीस तास तेरा मिनिटं होती, हे आता कोणालाही बोटांवर काढता येईल. हा अर्धा तास विसरून लिहिलेले लेख ढिगाने आहेत.

त्या शेवटच्या संदेशात ‘१५७-३३७ रेषेवर आहोत’ असं आहे. यावर लोकांनी काय काय इमले बांधलेत! साधी गोष्ट आहे. विषुववृत्ताजवळ २ जुलैला सूर्य उत्तरेपासून ६७ अंशांवर उगवतो. सूर्य पाहून काढलेली स्थानरेषा त्याच्याशी काटकोनात असते. ६७ मध्ये ९० मिळवा, १५७ आले; ३३७ हे त्याच रेषेचं उलटं टोक. नूननने उगवत्या सूर्यावरून रेषा काढली होती, इतकंच यातून कळतं. त्या रेषेवर आपण नेमके कुठे आहोत हे रेषा सांगत नाही, आणि त्यांची अडचण तीच होती.

माझं मत विचाराल तर इंधन संपून ती हाउलंडच्याच आसपास समुद्रात गेली. ती निकुमारोरो नावाच्या दुसऱ्याच बेटावर उतरली असं मानणाऱ्यांना हे पटत नाही, आणि त्यांच्याकडे अगदीच काही नाही असंही नाही. १९४० मध्ये त्या बेटावर माणसाची हाडं सापडली, १९४१ मध्ये फिजीत एका डॉक्टरने ती मोजून पुरुषाची ठरवली, नंतर हाडं हरवली आणि उरली फक्त मापं. ते कागद १९९७ मध्ये किरिबाटीच्या अभिलेखागारात एका न्यूझीलंडच्या संशोधकाच्या हाती लागले. २०१८ मध्ये एका अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने त्या मापांवरून ती इअरहार्टची असू शकतात असं मांडलं. पण १९२९ मध्ये त्याच बेटावर ‘नॉर्विच सिटी’ हे जहाज आदळून अकरा माणसं गेली होती, म्हणजे हाडं त्यांच्यापैकी कोणाचीही असू शकतात, हे सांगायला बरेच जण विसरतात. समुद्रतळाचं म्हणाल तर जानेवारी २०२४ मध्ये सोनारवर विमानाच्या आकाराचं काहीतरी दिसल्याची जगभर बातमी झाली. नोव्हेंबरमध्ये तो खडक निघाला.

म्हणूनच सुरुवात इअरहार्टपासून करू नका, तिथे गर्दी फार आहे. मॉनक्रिफ आणि हूड घ्या. १० जानेवारी १९२८ ला हे दोघं न्यूझीलंडकर सिडनीजवळच्या रिचमंडहून टास्मान समुद्र ओलांडायला निघाले. पलीकडे न्यूझीलंडमधल्या ट्रेंटमला दोघांच्या बायका आणि हजारोंचा जमाव वाट पाहत होता. विमानाचे रेडिओ संकेत सुमारे बारा तास ऐकू आले आणि थांबले. पुढे न्यूझीलंडच्या डोंगरांत विमान ऐकल्या-पाहिल्याच्या साक्षी आल्या. त्या साक्षी वेळेनुसार लावून पाहणं हे उत्तम पहिलं काम. न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ आणि ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’ या दोन्ही ऑनलाइन संग्रहांत तेव्हाची वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. एकच सावधगिरी: न्यूझीलंडची प्रमाणवेळ तेव्हा ग्रीनिचच्या साडेअकरा तास पुढे होती, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात त्यांनी घड्याळं आणखी एक तास पुढे केली होती. सिडनीशी फरक अडीच तासांचा धरा, दोनचा नव्हे.

ते झालं की चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकडे वळा. नोव्हेंबर १९३५ मध्ये तो आणि टॉमी पेथीब्रिज अलाहाबादहून सिंगापूरला थेट निघाले आणि ८ तारखेच्या पहाटे नाहीसे झाले. १९३७ मध्ये ब्रह्मदेशाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आये बेटापाशी चाकासकट विमानाचा एक पाय वाहून आला. तो त्याच विमानाचा असल्याचं लॉकहीड कंपनीने सांगितलं. त्यावर चिकटलेल्या शेवाळावरून विमान फार खोल नसावं असा तर्क झाला. पण शेवाळ पाय सुटण्याआधी चिकटलं की वाहत असताना, हा प्रश्न मला अजून छळतो.

या प्रकरणात साक्षीदार एकच, पण तो स्वतः वैमानिक. त्याच रात्री बंगालच्या उपसागरावरून उडत असलेल्या जिमी मेलरोझने आपल्या वरून पुढे जाणारं विमान आणि त्याच्या धुराड्यातल्या ज्वाळा पाहिल्याचं सांगितलं. ते विमान किंग्सफर्ड स्मिथचंच असेल, तर निघण्याची वेळ, अंतर आणि दोघांचा वेग जुळायला हवा. १० नोव्हेंबरला पौर्णिमा होती, म्हणजे ८ च्या पहाटे चंद्र मोठा होता पण मावळतीकडे कललेला. त्या ठिकाणी तो नेमका किती वाजता मावळला हे कुठलंही खगोलशास्त्राचं मोफत सॉफ्टवेअर सांगेल. हे आकडे शेजारी मांडून पाहा आणि जे निघेल ते इथे कळवा. मलाही पाहायचंय.